कुणाच्या अधिकारात

मोजणीदारांनी टेपचं टोक पावतीवालीच्या हातात दिलं आणि भिंतीच्या कोपऱ्याला घट्ट धरायला सांगितलं. मग उभ्या गाड्यांच्या मधून मागे मागे सरकत ते पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत गेले, गुडघा टेकून बसले आणि आकडा वहीत उतरवून घेतला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना अजून मोजणीदारच म्हणत. त्या सकाळी पार्किंगच्या त्या मोकळ्या जागेत ते कामावर असल्यासारखेच दिसत होते.

पावतीवाली पन्नाशीची होती. फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दिवसभर एकटी बसायची. एवढं मोजून करायचं काय, असं तिने विचारलं. मोजणीदार म्हणाले, तुमच्या कंपनीने मला दंडाची नोटीस पाठवली आहे, ती कुणाच्या अधिकारात पाठवली ते बघायचंय. तिने मान हलवली. नोटिसा ती पाठवत नव्हती, खांबावरचे कॅमेरे पाठवत होते. टोक मात्र तिने शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवलं.

गाडीच्या पुढच्या सीटवर मोजणीदारांची बायको बसली होती. तिने काच खाली केली.

"अहो, चला ना आता. मला आडवं व्हायचंय."

"एकच माप राहिलंय," ते म्हणाले.

एक नव्हतं, चार होती.

किरणोपचार केंद्राला स्वतःची जागा नव्हती. पेशंट शेजारच्या पार्किंगमध्ये गाड्या लावत. ते एका खाजगी कंपनीने चालवायला घेतलं होतं. केंद्राची चिठ्ठी दाखवली की तीन तास फुकट. जागेचा मागचा भाग केंद्राच्या दाराला अगदी लागून होता. गाडीतून उतरलं की वीस पावलांत माणूस आत. बायकोचे पंचवीस दिवसांचे उपचार ठरले होते. एकोणिसाव्या दिवशी बाहेर आल्यावर तिला घेरी आली. नर्सने तिला बाकावर झोपवलं, पाणी दिलं, आणि मोजणीदार तिच्या पायाशी बसून राहिले. तीन तासांवर चाळीस मिनिटं गेली. आठवड्याने घरी लिफाफा आला. आत गाडीचा फोटो, वेळ आणि दंडाचा आकडा.

झालं काय ते कळवलं असतं, तर कदाचित कंपनीने तिथेच सोडून दिलं असतं. मुलीने फोनवर तेच सांगितलं. नाहीतर भरून टाका आणि मोकळे व्हा, आईला तुम्ही जवळ हवे आहात, असंही ती म्हणाली. पण फोटोतली ती गाडी बघितल्यापासून मोजणीदारांच्या डोक्यात काहीतरी बसलं होतं. आपली बायको आत डोळे मिटून पडली होती आणि बाहेर कुणीतरी मिनिटं मोजत होतं, हे त्यांच्या मनातून जाईना. आजाराशी भांडता येत नव्हतं. डॉक्टरांशी बोलताना त्यांच्या तोंडून धड प्रश्नही निघत नसे. कागदाशी मात्र ते आयुष्यभर भांडत आले होते. जमिनीच्या कागदात कुठे पाणी मुरतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्यांनी कंपनीला एका ओळीचं पत्र लिहिलं. ही जागा आपली आहे काय, आणि नसल्यास, दंड करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उत्तरात पुन्हा तोच फोटो आला. त्यांनी दुसरं पत्र टाकलं, मग तिसरं. शेवटी कंपनीने कंटाळून जागामालकाशी झालेल्या कराराची प्रत धाडली. सोबत नकाशाही होता.

नकाशा बघताच मोजणीदार खुर्चीत ताठ बसले. हद्दीची रेघ कुणीतरी फूटपट्टीने मारली होती, जागेवर पाय न ठेवता.

पुढचे दोन आठवडे ते भूमी कार्यालयात खेटे घालत होते. जुने सहकारी चहा पाजत, जुनी बाडं काढून देत. रात्री जेवणाच्या टेबलावर ते मोठा नकाशा अंथरत. बायकोच्या तपासणीचा अहवाल त्याच टेबलावर पाकिटात होता. नकाशा त्याच्यावरूनच पसरला जाई. बायको दोन घास खाऊन उठायची. तिचं ताट तसंच राहिलेलं त्यांना बराच वेळ दिसत नसे.

"तुम्हाला एवढं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं," ती एकदा म्हणाली.

ते खरोखरच हसत होते. पार्किंगची जागा एक नव्हतीच, दोन तुकडे होते. रस्त्याकडचा तुकडा करारावर सही करणाऱ्या व्यापाऱ्याचा होता. केंद्राला लागून असलेला मागचा तुकडा मात्र कधीच बंद पडलेल्या एका छापखान्याच्या नावावर होता. छापखान्याचे मालक वारले होते, वारस दुसऱ्या शहरात होते. मोजणीदारांची गाडी मागच्या तुकड्यात उभी होती. तिथे कंपनीला दंड करायचा सोडाच, केबिनमधली खुर्ची ठेवायचाही अधिकार नव्हता.

काम अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वारसांचा पत्ता मिळवला आणि रजिस्टर्ड पत्र पाठवलं. तुमच्या या जागेवर अमुक कंपनी गाड्या लावून घेते, त्यास तुमची परवानगी आहे काय? सोबत मोजणीचा नकाशा जोडला. हा नकाशा मात्र सुबक होता. त्यासाठी त्यांनी नवी शाई आणली होती.

वारसांना अशी काही जागा आपली आहे हेच ठाऊक नव्हतं. परवानगी दिलेली नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. खाली हाताने लिहून आभार मानले होते. मोजणीदारांनी ते पत्र कंपनीला पाठवलं, आणि चार दिवसांत उत्तर आलं की नोटीस मागे घेण्यात येत आहे.

त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती अंथरुणात पडून होती.

"बरं झालं," ती म्हणाली आणि कूस बदलली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "डॉक्टरांनी कधी बोलावलंय, बघितलंत का?"

त्यांनी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं आणि आणखी पंधरा दिवस किरणं द्यावी लागतील असं सांगितलं. सांगताना ते मोजणीदारांकडे बघत होते, बायकोकडे नाही. ऐकून बायकोने फक्त पर्सचा बंद नीट केला.

पहिल्या दिवशी मोजणीदारांनी गाडी सवयीने पार्किंगच्या फाटकाकडे वळवली आणि ब्रेक दाबला. फाटक नव्हतं. मागच्या तुकड्याला चारी बाजूंनी माणसाच्या उंचीचे पत्रे लागले होते. त्यांवर 'खाजगी मालमत्ता' असं रंगवलं होतं. उरलेल्या तुकड्यात धंदा परवडेना म्हणून कंपनीने गाशा गुंडाळला होता आणि व्यापाऱ्याने तिथे पाइपांचे ढीग रचले होते. केबिन उचलून नेली होती. जमिनीवर तिचा चौकोन तेवढा राहिला होता. पावतीवालीचं पुढे काय झालं, ते विचारायला तिथे कुणी नव्हतं.

केंद्रासमोरच्या अरुंद रस्त्यावर गाडी थांबवायला मनाई होती. ते मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, खूप शोधाशोध करून एका भिंतीलगत गाडी लावली, आणि दोघं चालत निघाली. वाटेत बायको दोनदा थांबली. एकदा एका दुकानाच्या पायरीवर बसली. मोजणीदार तिची पर्स धरून उभे राहिले आणि रस्त्यावरून येणारी आणखी माणसं बघू लागले. कुणी हात धरून, कुणी काठी टेकत, एकाला चाकाच्या खुर्चीत बसवून त्याची बायको खड्डे चुकवत होती. सगळी एकाच दिशेने चालली होती.

प्रतीक्षागृहात त्यांच्या शेजारी एक बाई म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बसली होती. वडिलांचे आजचे उपचार झाले होते, पण त्यांना धाप लागली होती. औषधं दुसऱ्या मजल्यावर मिळत, तिथे रांग होती. एवढं चालून आल्यावर यांना परत कसं न्यायचं, याची ती काळजी करत होती.

"पूर्वी किती सोय होती," ती बायकोला म्हणाली. "कुणीतरी तक्रार केली म्हणे. कायदा काढला, मोजमाप केलं. माणसं कशी असतात बघा."

मोजणीदार समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"त्यांना ठाऊक नसेल," बायको म्हणाली. "इथे कोण येतं ते."

"ठाऊक होतं," मोजणीदार म्हणाले.

आवाज एवढा बारीक निघाला की बाईने वळून पाहिलं. त्यांना आणखी काही सांगायचंय असं तिला वाटलं असावं. ती थांबली.

तेवढ्यात नर्सने बायकोचा नंबर पुकारला. ते हात द्यायला उठले. बायको मात्र खुर्चीचा दांडा धरून आपली आपणच उभी राहिली आणि त्या बाईला म्हणाली, तुम्ही निवांत औषधं घेऊन या, तुमच्या वडिलांना हे गाडीपर्यंत नेतील. मग ती नवऱ्याकडे वळली.

"सावकाश न्या," ती म्हणाली. "माझी काळजी करू नका. मला आत वेळ लागेल."

मोजणीदारांनी बाईकडून गाडीची किल्ली घेतली, रंग आणि नंबर विचारून घेतला. गाडी मोठ्या रस्त्यावर पार टोकाला होती. त्यांनी म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला. तो हलका होता, पण सगळा भार त्याने त्यांच्यावर टाकला. दोघं पायऱ्या उतरले, पत्र्यांच्या कडेने वळले. पंधरा-वीस पावलं झाली की म्हातारा थांबायचा, तोंड उघडून श्वास घ्यायचा, मग मानेने 'चला' म्हणायचा. मागून येणारी माणसं त्यांना ओलांडून जात होती.

पत्रे अजून संपले नव्हते. म्हाताऱ्याने एका पत्र्यावर पंजा टेकला.

"अजून किती राहिलं हो?"

मोजणीदारांनी समोर पाहिलं. रस्ता सरळ होता, पार टोकापर्यंत दिसत होता.

"आलंच," ते म्हणाले.