ताईचा शेवटचा गठ्ठा

"घरी जा. आठवडाभर इकडे फिरकू नकोस," शिवणखोलीचे मास्तर म्हणाले. माझी बहीण गेली म्हणून सुट्टी. मनानं चांगले आहेत हो, पण कळत काही नाही.

घरी बसून करू काय? माझ्या घरात ताई होतीच कुठे? लग्नं झाली, ती शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला. आमचं बहीणपण सगळं शिवणखोलीत. ती शर्टाच्या कॉलरी शिवायची, तिच्यामागच्या मशीनवर मी त्या शर्टाला जोडायची. दिवसभर तिची पाठ समोर आणि बडबड कानावर.

कॉलरींचा गठ्ठा बांधून ती मागे द्यायची. मला छळायची लहर आली की अशी गाठ मारायची की नखं तुटावीत. मी दातांनी सोडवायची, तिच्या नावानं खडे फोडायची आणि बाईसाहेब मान न वळवता खांदे हलवत हसायच्या.

सुट्टीत घर खायला उठलं. नवरा म्हणाला, "रड गं जरा, मोकळी होशील." रडूच येईना. मग एकदम आठवलं, तिच्या मशीनवर एक गठ्ठा राहिलाय! दुसऱ्या कुणी जोडला तर? भाजीखालचा गॅस बंद केला आणि तशीच पळत सुटले.

पोचले तर बटणं लावणारी बाई माझ्या जागेवर. गठ्ठा मांडीवर, हातात कात्री.

"हात लावशील तर बघ!" मी केवढ्यांदा ओरडले. सगळी मशीनं थांबली.

मास्तर धावत आले. "अगं, तुला सुट्टी दिलीय ना?"

"चुलीत घाला ती सुट्टी. हा गठ्ठा तिनं माझ्यासाठी बांधलाय."

मास्तरांनी बाईच्या हातातली कात्री तेवढी काढून घेतली.

मी जागेवर बसले. गाठ मेली अशी आवळलेली! नखं लावली, दात लावले. "काय गं ताई, अजून छळतेस?" म्हणत वर बघितलं. समोर नुसती खुर्ची. तेव्हा कुठे रडू फुटलं.

रडत रडतच गाठ सोडवली. एकेक कॉलर जोडली, मुद्दाम सावकाश. शेवटची हातात आली तशी कितीतरी वेळ तिची कड चाचपत राहिले. ती जोडली की ताईकडून मला काहीच येणार नव्हतं.

जोडली. दोरा तोडला.

"मास्तर," मी म्हटलं, "आता द्या सुट्टी."