थोरलीच्या डब्यातलं विष

दवाखान्याच्या धुलाईघरात मी चौदा वर्षं काढली. रक्ताने कडक झालेल्या चादरी, ओकारीने भरलेले अभ्रे हातमोजे घालून वेगळे करायचे आणि मशीनमध्ये ढकलायचे. लोक विचारतात, किळस नाही येत? नाही येत. आजारी माणसाची घाण ती, धुतली की गेली. मला किळस आली ती माझ्याच हाताची.

मी कथा लिहिते. पहाटे उठून, स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून, उभ्यानेच. बसले की डुलकी लागते. वीस वर्षांत सात कथा छापून आल्या. दोन कथांचं मानधन मिळालं, बाकीच्यांचा नुसता अंक. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एखादं वाक्य नेमकं बसलं की दिवसभर अंगात गाणं वाजायचं.

माझे धाकटे दीर एका स्टुडिओत कामाला. मोबाइलवर ऐकायच्या मालिका तिथे तयार होत. माझी एक कथा त्यांनी निर्मात्याला दाखवली. दोन बहिणी, भिंतीला भिंत लागून घरं, अकरा वर्षांचा अबोला. धाकटी आजारी पडते, तेव्हा थोरली तिचं अंगण झाडून जाते, न बोलता. एवढंच.

"वहिनी, बहिणी झकास आहेत," निर्माता म्हणाला. दिरांचं ऐकून तोही मला वहिनीच म्हणू लागला होता. "पण झाडू मारून कसं भागेल? थोरली डब्यातून विष पाठवते असं करा. रोज चिमूटभर. शंभर भाग आरामात निघतील."

"का पाठवेल ती विष?"

"ते तुम्ही बघा. लेखिका तुम्ही!"

नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा आठवड्यातले तीनच दिवस काम होतं. मी हो म्हटलं. माझं नाव कुठे येणार नव्हतं, तेवढं बरं वाटलं.

पहिल्या आठवड्यात एकेक भाग चार-चारदा खोडला. चौथ्या आठवड्यात हात बसला. थोरली गोड बोलते, डब्याचं झाकण लावते, हसते, संपला भाग. सगळ्यात ओंगळ गोष्ट ही, की मला ते छान जमत होतं.

आमच्या धुलाईघरात इस्त्रीवर एक बाई होती. तिला आम्ही 'वाफ' म्हणायचो, कारण कधी उसळेल नेम नाही. कानात सतत तीच मालिका. लिहिणारी मी, हे तिला ठाऊक नव्हतं. वडिलांच्या घरावरून तिची मोठ्या बहिणीशी कुरबुर चालली होती, तरी बहीण अधूनमधून डबा पाठवायची. एका दुपारी वाफेने तो डबा उघडला आणि मळक्या पट्ट्यांच्या पिंपात उपडा केला.

"अगं, काय करतेस?"

"घराच्या कागदावर सही मागतेय ती. आत्ताच बरा माझा पुळका आला? त्या थोरलीचं ऐकतेस ना?"

"ती मालिका आहे, बाई."

"मग काय झालं? कुणाच्या तरी घरात घडल्याशिवाय कुणी असं लिहितं का?"

गरम भात रक्ताळलेल्या पट्ट्यांवर पसरला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी धावत जाऊन बेसिनमध्ये ओकले. तोंड पुसून परत आले आणि म्हटलं, "ते मी लिहिते. कुणाच्याही घरात घडलेलं नाही. सगळं बनवलेलं."

"शी!" ती म्हणाली. पुढे कित्येक दिवस जेवायला दुसऱ्या बाकावर बसली.

मी मालिका सोडली. निर्मात्याने थांब म्हटलं नाही. दुसरा लिहिणारा संध्याकाळपर्यंत मिळाला. नवरा एवढंच म्हणाला, "निदान दुसऱ्या भिंतीला रंग होईपर्यंत तरी थांबायचंस." मालिकेच्या पैशांतून रंगवायला घेतलेली आमची खोली अजून अर्धी पिवळी, अर्धी कळकट आहे.

अंगण झाडण्याची ती मूळ कथा मी एका छोट्या मासिकाला पाठवली. सहा महिन्यांनी छापून आली. दोन अंक आले, पैसे नाहीत. एक अंक वाफेच्या टेबलावर ठेवला. तिने तो दोन दिवस पुरवून वाचला.

"पण थोरली एक शब्द बोलत का नाही?" तिने विचारलं.

"मलाही कळलेलं नाही."

"मग शोध की!" असं म्हणून ती इस्त्रीकडे वळली.

आता पुन्हा पहाटे उभी असते. पण हाताला तो जुना वेग अजून आठवतो. एखादं वाक्य भराभर, गोड उतरलं की अंगावर शिसारी येते, आणि मी ते खोडून टाकते.