उजव्या पायाचे झाकण

मित्रांनो, जिन्याखाली ताडपत्री टाकून जे काही उभे केले आहे ते मी आहे. एक जुनी मोटारसायकल. माझे हँडल वाकडे आहे, दिवा फुटलेला आहे आणि पुढच्या उजव्या पायातून बाहेर आलेली स्प्रिंग कोणी परत आत घातलेली नाही. वाऱ्याने ताडपत्री सरकली की मुले वाकून बघतात आणि त्यांच्या आया त्यांना हाताला धरून ओढून नेतात. मला पाहून कोणाला बरे वाटत नाही, आणि त्यात मुलांच्या आयांची काही चूक नाही.

मी अशी जन्मले नव्हते. एका लांबलचक शेडमध्ये ठिणग्यांच्या झोतात माझा सांगाडा जोडला गेला. मग रंग चढला, टाकी बसली, चाके आली. दुकानाच्या काचेमागे मी नटूनथटून उभी राहिले. येणारी माणसे टाकीवरून हात फिरवत, आरशात आपलाच चेहरा बघत आणि निघून जात. एक दिवस एक सुतार आला. त्याने माझ्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढचा ब्रेक धरला, हँडलवर भार टाकून मला दोनदा खाली दाबले आणि म्हणाला, "हिचे पाय चांगले आहेत." त्या एका वाक्याने मी त्याची झाले.

पाय म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असतात त्या दोन नळ्या. मेकॅनिक त्यांना शॉकअप म्हणतात. प्रत्येक नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग उसळते आणि तेल तिला आवरते. तेल नसेल तर स्प्रिंग मोकाट सुटते. वरून एक पेचाचे झाकण असते, आणि ती स्प्रिंग त्या झाकणाला सतत खालून ढकलत असते. म्हणून झाकण बसवताना अंगाचा भार टाकून ते पक्के आवळावे लागते. एवढे लक्षात ठेवा, पुढचे आपोआप कळेल.

सुतार हे तेल दरवर्षी घरीच बदलायचा. इंजिनाखाली लाकडी खोके सरकवायचे, पुढचे चाक अधांतरी करायचे, झाकणे उघडायची आणि खालचा स्क्रू काढून जुने तेल तसराळ्यात सोडायचे. ते काळेकुट्ट निघायचे आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास यायचा. मग औषधाच्या मापाने मोजून नवे तेल. त्याची दोन्ही मुले मोठी झाल्यावर त्याने एक पद्धत पाडली होती. एकाने हात चालवायचा, दुसऱ्याने तोंड. "खालचा स्क्रू लावला?" "लावला." "झाकण आवळलं?" "आवळलं." सगळ्या चाळीला ऐकू जायचे. लोक हसायचे, म्हणायचे, यांच्या घरी गाडीचे ऑपरेशन चालू आहे. मला मात्र ते फार आवडायचे. आपल्यावर दोन माणसांचे लक्ष आहे, हे कोणाला आवडत नाही?

मग सुतार आजारी पडला. इस्पितळातल्या खाटेवरून तो एकच धोशा लावून बसला, मला घरी न्या. थोरला मुलगा नाही म्हणाला. धाकट्याला बापाचे रडणे बघवेना, त्याने सह्या केल्या आणि बापाला घरी आणले. चार दिवसांत सुतार गेला. त्या दिवशी, याच जिन्याखाली, माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहून ते दोघे शेवटचे बोलले.

"तू मारलंस बाबांना," थोरला म्हणाला.

"आणि तू त्यांना तिथे एकटं मरू देणार होतास," धाकटा म्हणाला.

त्यानंतर बोलणे बंद. घर एक, चूल एक, जिना एक, आणि गाडीही एकच. थोरला कारखान्यात लेथ चालवायचा, धाकटा वायरमन. दोघांनाही माझी गरज होती, म्हणून एक आठवडा याचा, एक त्याचा, असे ठरले. रविवारी दुपारी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकवायची, म्हणजे गाडी दुसऱ्याची झाली. मी दोघांच्याही हाताखाली राबले. तक्रार करण्यासारखे काही नव्हते, फक्त माझ्याविषयीही ते एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.

बोलायची त्यांची आई. ती घरी बसून लोकांचे कपडे बेतून द्यायची, उसवलेले शिवायची, जास्तीचे कापायची. मुलांच्या निरोपांचेही ती तेच करायची. मी तिच्या खिडकीखालीच उभी असल्यामुळे कापण्याआधीचे आणि शिवल्यानंतरचे, असे दोन्ही मला ऐकू यायचे.

"त्या आयतोबाला सांग, गाडी नुसती उडवतोस, पेट्रोल काय मी एकट्यानेच भरायचं?" असे थोरला म्हणायचा. धाकट्यापर्यंत पोचायचे ते असे: "दादा विचारत होता, पेट्रोलचं जरा बघशील का?" उलट धाकट्याचा निरोप असायचा, "त्या जमादाराला सांग, चेनला तेल घालायची अक्कल मलाही आहे." आई थोरल्याला सांगायची, "चेनचं तो बघतोय रे. तू दमून येतोस म्हणाला." दोघांनाही हे खरे वाटत नसावे. पण दोघेही मुकाट्याने ऐकून घेत, आणि घर चालत होते.

अशाच एका रविवारी सकाळी थोरल्याने माझ्या पायांतले तेल बदलायला घेतले. बरेच दिवस ब्रेक दाबला की मी नाक खुपसत होते, ते त्याच्या लक्षात आले होते. काम एकट्याचे, मुक्याने चाललेले. दोन्ही पाय रिकामे केले. डावा भरला, झाकण गच्च आवळले. उजव्याकडे वळताना कोपराचा धक्का लागून तेलाची बाटली कलंडली आणि उरलेले तेल फरशीवर गेले. त्याने स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली. नाक्यावरचे दुकान उघडे होते. पण चाळीतली पोरे चेंडू खेळत होती, मी खोक्यावर तशीच राहिले असते तर कोणाच्या तरी अंगावर पडले असते. म्हणून त्याने मला खाली उतरवले. उजवे झाकण धूळ जाऊ नये एवढ्यासाठी हाताने दोन आटे फिरवून टेकवले, वर रबरी टोपी बसवली, पाने गुंडाळून ठेवले, फरशी पुसली. तो टापटिपीचा माणूस. त्याच्या टापटिपीमुळे काम अर्धे राहिले आहे असे कोणाला स्वप्नातही वाटले नसते.

तेवढ्यात दुपार झाली होती. किल्ली द्यायची वेळ. ती त्याने खिशात ठेवली असती तर पुढचे काहीच घडले नसते. पण आपण तासभर किल्ली अडवली असे धाकट्याला म्हणायला मिळू नये, म्हणून हा वर गेला आणि किल्ली खिळ्यावर लटकवली.

"आई, त्या दीडशहाण्याला सांग, गाडीला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बाबांना घरी आणून मारलंस, तशी आता गाडीही मार म्हणावं. उजव्या पायात तेल नाहीये, झाकण नुसतं टेकवलंय. मी तेल घेऊन आलोच."

तो जिना उतरू लागला आणि धाकटा खालून चढत होता. जिना अरुंद आहे. थोरल्याच्या हातात रिकामी बाटली होती. त्यांचे खांदे एकमेकांना घासले. 'झाकण आवळायचं राहिलंय' एवढे तीन शब्द पुरे होते. मी खालून बघत होते. थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो निघून गेला.

वर आई शिवणयंत्राशी बसली होती. त्या निरोपातले बापाचे नाव तिच्या काळजात रुतले होते. ते वाक्य धाकट्याच्या कानावर गेले तर हे घर उभे राहणार नाही, एवढेच तिला दिसत होते. तिने ते कापले. आणि कापताना जे राखायचे तेही कापले गेले.

"दादाने तुझ्यासाठी गाडीचं तेल बदललंय," ती म्हणाली. "सकाळपासून खपत होता. सांभाळून चालव म्हणाला."

 धाकट्याने विचारले, "माझ्यासाठी? असं म्हणाला?"

"मग काय मी मनाचं सांगतेय?"

"बरं," तो म्हणाला. "बायकोला घेऊन येतो कामावरून. आणि आई... रात्री मी दादाशी बोलतो. पुरे झालं आता."

तो शीळ घालत खाली आला. इतक्या दिवसांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. त्याने मला किक मारली. मी सुरू झाले. मी सुरू व्हायला नको होते, पण सुरू होणे एवढेच मला येते.

पहिल्याच खड्ड्यात माझा उजवा पाय खटकन वाजला. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा. त्याने खाली वाकून पाहिले आणि स्वतःशीच हसला. "दादाने तेल पातळ घातलंय वाटतं," असे म्हणाला, रागाने नाही, कौतुकाने. रबरी टोपीखाली झाकण एकेक आटा सोडत होते.

नाक्यावर थोरला दुकानातून बाहेर पडत होता, हातात तेलाची नवी बाटली. त्याने आम्हाला येताना पाहिले आणि बाटली त्याच्या हातून गळून पडली. तो रस्त्यात धावला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "चिमण्या!"

लहानपणी तो धाकट्याला याच नावाने हाक मारायचा. इतक्या वर्षांनी भावाची हाक आली. धाकट्याने दुसरा काही विचारच केला नाही. थांबायचे म्हणून त्याने पुढचा ब्रेक करकचून दाबला. माझा सगळा भार पुढच्या दोन पायांवर आला. डाव्या पायाने तो तोलला. उजव्या पायात तेल नव्हते. स्प्रिंग पार दाबली गेली, झाकण उडाले आणि धाकट्याच्या हनुवटीखाली बसले. त्याचे हात सुटले. मी आडवी झाले. मागून पाण्याचा टँकर येत होता.

मित्रांनो, त्याहून जास्त मी सांगणार नाही. थोरला रस्त्यावर बसून त्याचे डोके मांडीवर घेऊन बोलत राहिला. बाबांविषयी, गाडीविषयी, कशाकशाविषयी. लोकांनी त्याला उठवले तेव्हाही तो बोलतच होता.

मग चौकशी झाली. झाकण कोणी उघडे ठेवले, हे शोधायला फारसे डोके लागले नाही. "घरात कोणाला सांगितलं होतं का?" पोलिसाने विचारले. थोरल्याने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली. "नाही," थोरला म्हणाला. "कोणालाच सांगितलं नव्हतं." मला घरी आणून टाकले तेव्हा चाळीतल्या लोकांच्या तोंडी हेच होते, की भावावरच्या रागापोटी याने गाडी तशीच ठेवली. त्याने एकदाही तोंड उघडले नाही. कामावरून आला की तो माझ्याशेजारी पायरीवर बसायचा आणि माझ्याकडे न बघता अंधार पडेपर्यंत तिथेच राहायचा.

धाकट्याची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. ती कामावर परत जाऊ लागली, पण दिराशी तिने बोलणे टाकले. काही हवे नको असले की सासूकडून निरोप. आई पुन्हा ते निरोप कापूनशिवून पोचवू लागली. हे मी खिडकीखालून ऐकत होते आणि माझ्या गंजलेल्या अंगावर काटा येत होता.

एका संध्याकाळी सून वरून म्हणाली, "त्यांना विचारा, माझ्या नवऱ्याला मारून शांत झोप लागते का?"

शिवणयंत्र थांबले. आई जिना उतरून खाली आली. थोरला पायरीवर बसला होता. आईने नेहमीप्रमाणे काहीतरी गोड बोलायला तोंड उघडले, आणि मिटले. मग तिने वर पाहून सुनेला हाक मारली. "खाली ये. तुझं तू विचार. मी आता कोणाचं काही सांगणार नाही. पण आधी माझं ऐका."

सून येऊन उभी राहिली. आईने माझ्या सीटला धरले होते. 

"याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेल नाही, झाकण टेकवलंय, गाडीला हात लावू नको, सगळं सांगितलं होतं. बापावरून घाण बोलला, ते मला लपवायचं होतं. मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं, दादाने तुझ्यासाठी तेल बदललंय, सांभाळून चालव म्हणाला. मीच पाठवला त्याला."

 सून थोरल्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, मग तुम्ही का नाही बोललात? मी काय काय बोलले तुम्हाला."

"जिन्यात तो मला भेटला होता," थोरला म्हणाला. "त्याचा खांदा लागला मला. तेव्हा माझ्या तोंडाला काय झालं होतं? आईचं नाव कोणत्या तोंडाने घेऊ?" मग त्याने आईकडे पाहिले. "तू असं सांगितल्यावर तो काय म्हणाला?"

"रात्री दादाशी बोलतो म्हणाला. पुरे झालं आता म्हणाला."

"जसंच्या तसं सांगतेस ना?"

"जसंच्या तसं," आई म्हणाली.

थोरल्याने चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. सून सासूच्या अंगाला हात न लावता वर निघून गेली. त्या दिवशी कोणी कोणाला माफ केले नाही, आणि अजूनही केलेले नाही. पण आता जे बोलायचे ते तिघे समोरासमोर बोलतात. पुष्कळदा ते ऐकवत नाही.

मित्रांनो, तेल वेळेवर बदला, झाकणे आवळा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. काम अर्धे टाकून उठावे लागले, तर पुढच्या माणसाला ते स्वतःच्या तोंडाने सांगा. त्याच्याशी उभा दावा असला तरी सांगा. आणि कोणाचा निरोप तुमच्या हाती आला, तर तो सगळा द्या, शिव्यांसकट द्या. धाकट्याने त्या शिव्या ऐकल्या असत्या, तो चिडला असता, पाय आपटत चालत बायकोला आणायला गेला असता, आणि आज जिवंत असता.