दारापलीकडची टिकटिक

प्राण्यांच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या बाईंची एक सवय होती. कुत्र्याला आत नेताना त्या बाहेर बसलेल्या माणसाला सांगायच्या, "दारातून त्याच्या हृदयाची टिकटिक ऐकू येईल. ती चालू आहे तोवर अजिबात काळजी करायची नाही." खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. घाबरलेल्या माणसाला सांगून सांगून किती सांगणार हो?

आज बाहेर एक म्हातारे शिंपीकाका बसले होते. आत टेबलावर त्यांचा ढब्बू, बारा वर्षांचा, पोटात गाठ. "बायको गेल्यापासून घरात मी बोलतो आणि हा ऐकतो," काका सकाळी म्हणाले होते. "निदान ऐकल्यासारखं करतो, लबाड!"

गाठ काढता काढता फुटली आणि रक्त थांबेना. रक्तदाब धाडकन खाली आला. बाईंनी भुलीचा वायू कमी केला, औषध दिलं, रक्ताची पिशवी लावली. यंत्राच्या पडद्यावर वरची रेघ हृदयाची, खालची मेंदूची. वरची धापा टाकत पळत राहिली. खालची मात्र सपाट झाली.

"सर, मेंदूला रक्त पोचत नाहीये! लवकर!"

"अहो, मला काय चार हात आहेत?" सर्जन खेकसले. त्यांचंही चुकत नव्हतं. चौदा मिनिटं गेली.

मग एकदाचं रक्त थांबलं, दाब वर आला, ठोका ठणठणीत. "जिंकलो बुवा!" सर्जन म्हणाले. बाईंनी वायू पूर्ण बंद केला आणि वाट बघत बसल्या. तास झाला, खालची रेघ हलली नाही. पापणीला बोट लावलं, ती मिटली नाही. श्वास यंत्रच देत होतं. बाईंनी वेड्यासारखी ढब्बूच्या कानात तीनदा हाक मारली. सर्जननी हातमोजे काढले आणि मान फिरवली.

टिकटिक बंद करायला बाईंचा हात गेला आणि तसाच मागे आला. त्यांनी दार उघडलं.

काका दाराला कान लावूनच उभे होते. चेहरा कसा फुललेला!

"टिकटिक मधे फार सैरावैरा पळाली हो, माझा तर जीवच गेला! पण एक ठोका सोडला नाही मी. आता कशी छान चाललीय!" त्यांनी घरून आणलेली जुनी चादर पुढे केली. "शुद्धीवर येताना थंडी वाजते म्हणालात ना? मीच घालू का अंगावर?"

मागून टिकटिक येत होती, एकसारखी.

"काका," बाई म्हणाल्या, "सकाळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं."