भिंगात दिसलेला किडा

दगडीबाई सकाळी नेहमीसारखी अंगण सारवत होती, आणि तिच्याच अंगणासमोर, तिला पाड्याबाहेर घालवायचे की नाही हे ठरवायला माणसे जमत होती. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, अठ्ठ्याऐंशी सालचा भाद्रपद. घरोघर हिवताप. बडवा ठाकऱ्या, म्हणजे पाड्याचा मांत्रिक, त्याची लाडकी नात तापातच गेली होती. दुःखाने वेड्या झालेल्या माणसाला कुणीतरी गुन्हेगार हवाच असतो. विधवा दगडीबाई आयती सापडली आणि डाकीण ठरली.

निंबा हा आरोग्य केंद्रात रक्त तपासणारा, भडगावकडचा. तापट, पण मनाचा हळवा. बातमी कानावर येताच सूक्ष्मदर्शकाची पेटी सायकलला बांधून तो पाड्यावर आला. मागच्या फेरीत घेतलेले रक्त त्याने काचपट्ट्यांवर रंगवून आणले होते. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे तर आरसाच लावावा लागणार होता. पाड्यावर वीज नव्हती. त्याने पेटीतले यंत्र ओट्यावर मांडले, खालचा छोटा आरसा उन्हाकडे वळवला, काचेवर तेलाचा थेंब टाकला आणि भिंग खाली आणले.

"दखा आबा," तो ठाकऱ्याला म्हणाला, "हाई तुम्हनी नातनं रगत. गोल दानासमा जांभळी आंगठी दिसस का? तो हिवतापना किडा शे. मच्छर चावस अन रगतमा सोडस. डाकीण-बिकीण काही नही."

ठाकऱ्याने एक डोळा मिटून पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळले.

"शे," तो म्हणाला. "खरंच शे."

निंबाला वाटले, जिंकलो! त्या हुरुपात त्याने दुसरी काच लावली. "अन हाई दगडीबाईनं रगत. तिले बी तोच ताप शे. ती बिचारी सोताच आजारी, ती कोनले काय करी?"

ठाकऱ्याने पाहिले आणि तो ताडकन उभा राहिला.

"दखा रे बठ्ठा जन! तिना रगतमा बी तोच किडा शे! तठूनच निंघना तो!"

करायला गेला एक आणि झाले भलतेच. एकेक जण भिंगाला डोळा लावून, किडा तिच्याच रक्तातून निघाला अशी खात्री करून गेला. निंबा घसा फोडून मच्छर, डबकी सांगत राहिला. पण डोळ्यांनी पाहिल्यावर कानांनी कोण ऐकणार? दगडीबाईला घालवायचेच ठरले. तिच्या पोटचा मुलगा तेरसिंग, त्यानेही मान खाली घातली. दगडीबाई शेणाच्या हातांनीच उठली. अंगात ताप होता. निंबाने पुढे केलेली गोळ्यांची पुडी कुणीतरी हिसकावून लांब भिरकावली.

फक्त तिची सून रुपली पुढे आली. तिने सासूचा हात धरला.

"मी बी जास," ती नवऱ्याला म्हणाली. मग निंबापाशी थांबली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागले. "भाऊ, किडा बठ्ठासले दखाडा तुम्ही. मच्छर काबर नही दखाडा?"

दोघी नाल्याच्या वाटेने दिसेनाशा झाल्या. यंत्र पेटीत भरून, तेलकट हात धुवायला निंबा ठाकऱ्याच्या दाराशी गेला आणि त्याने रांजणावरचे झाकण सरकवले.

पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या बघायला भिंग लागत नव्हते.