अठ्ठेचाळीसची आडवी रेघ

मित्रांनो, मी हर्णेच्या एका मच्छीमार होडीवरचा जुना जीपीएस आहे. तोंड एवढंसं आणि त्यावर दोनच आकडे. होडी उत्तरेला गेली की वरचा वाढतो, पूर्वेला गेली की खालचा. तुमच्या आलेखातला y म्हणजे माझा वरचा आकडा आणि x म्हणजे खालचा.

नवा होतो तेव्हा होडी चालवणारा खंडू तांडेल मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. कौतुक काय ते! मग रंगीत नकाशा दाखवणारा दुसरा जीपीएस आला आणि माझ्यावर ओल्या टोप्या वाळू लागल्या. तोंडावर मिठाचा थर चढला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी परतताना लाट केबिनमध्ये घुसली. नव्याचा पडदा काळा पडला. होकायंत्र तर कधीच गंजून अडकलेलं. पाऊस असा कोसळत होता की होडीचं पुढचं टोकही दिसेना. सुकाणूवर खंडू, माझ्यासमोर त्याचा मुलगा अजिंक्य. बंदराचं तोंड अठ्ठेचाळीसच्या रेघेवर होतं आणि उत्तरेला पाण्याखाली खडक.

"वर अठ्ठेचाळीस लागले की तीच रेघ धर!" खंडू ओरडला.

अठ्ठेचाळीस लागले. अजिंक्यने मनात मांडलं, y = ४८. y-अक्ष उभा, म्हणजे ही रेघही उभीच! तुम्हीही अशीच घाई करता ना? खालचा आकडा हलणार नाही अशा बेताने त्याने होडी वळवायला लावली.

"अशीच चालू दे, बाबा!"

होडी थेट खडकाकडे निघाली. मला तोंड आहे, वाचा नाही. वरच्या आकड्यातला आठ जाऊन नऊ आला, पण मिठाआडून त्याला तो आठच वाटला. भीतीने माझा जीव अर्धा झाला. तेवढ्यात समोर लाटा फुटल्याचा आवाज आला.

"मेल्या, आकडा काय हाय तो नीट बघून बोल!"

अजिंक्यने बाहीने माझं तोंड खसाखसा पुसलं.

"एकोणपन्नास! वरचा पळतोय, खालचा जागेवर. बाबा, मी x ची रेघ धरली! y धरायचा तर y हलता कामा नये, x बदलला पाहिजे. ती रेघ आडवी!"

"ते मागाहून शिकव. वळू कुठं?"

"उलटं फिर, आल्या वाटेने! अठ्ठेचाळीस आले की आडवं, खालचा वाढेल तिकडे."

खंडूने सगळं बळ लावून सुकाणू फिरवलं. खडकावरच्या लाटेचं पाणी केबिनपर्यंत उडालं. मग एकोणपन्नासचे अठ्ठेचाळीस झाले, होडी आडवी वळली, आणि माझा वरचा आकडा बंदराचा धक्का येईपर्यंत हलला नाही. धक्क्यावर अजिंक्यची आई विमला भिजत उभी होती. तिने दोघांनाही धरलं आणि ती रडू लागली.

मित्रांनो, समीकरणातलं अक्षर पाहून रेघ ओढू नका. कोणता आकडा हलत नाही ते आधी बघा. आणि घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवा. त्या सकाळी आठ आणि नऊ यांच्यामध्ये फक्त थोडं मीठ होतं.