चिरुटाचा साचा आणि बाइंडरचा शिकंजा

मित्रांनो, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला एखादा लाकडी ठोकळा तुम्ही कधी पायाने सरकवला असेल, तर तो मीच असण्याची दाट शक्यता आहे. राग नाही. ती नोकरीही मी नऊ वर्षे इमानाने केली आणि माझ्या कारकिर्दीत ते दार एकदाही आपटले नाही.

पण माझा मूळ पेशा वेगळा. मी चिरुटाचा साचा. तळ आणि झाकण असे माझे दोन भाग, दोन्हींत दहा-दहा खोबणी. तंबाखूच्या पानांची कच्ची गुंडाळी खोबणीत ठेवायची, झाकण लावून वरून दाब द्यायचा, की तिला घाट येतो. मग तिच्यावर एक तलम पान तिरके गुंडाळले, की झाला चिरूट. ज्या सुताराने मला घडवले, तो प्रत्येक खोबणीत स्वतःचा अंगठा घालून पाहत असे. त्यामुळे मी त्याच्या अंगठ्याच्या मापाचा आहे. कागदपत्रांवर लोक अंगठे उठवतात, त्याने माझ्यात दहा उठवले. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे एका कारखान्यात मी पस्तीस वर्षे एका बाईंच्या हाताखाली काढली. त्या अर्ध्या तासाने झाकण उघडत, प्रत्येक गुंडाळी पाव वळसा फिरवत आणि तिला बजावत, "दबून राहा, पण श्वास सोडू नकोस." मग यंत्र आले. बाई घरी गेल्या, मी दारापाशी गेलो आणि तिथून जुन्या बाजारात.

तिथे मला एका निवृत्त बाइंडरने उचलले. चाळीस वर्षे पुस्तके बांधून हा गृहस्थ घरी बसला होता आणि सहा महिने 'हं'पलीकडे काही बोलला नव्हता. जेवण झाले? हं. घर पेटले? बहुधा तरीही हं. त्या दिवशी मात्र तो उंबऱ्यातूनच ओरडला, "अगं, हे बघ काय मिळालं!"

"हे काय? चमच्यांचा पाळणा?" त्याची बायको म्हणाली. पण एका दमात पाच शब्द ऐकून तिचे डोळे भरून आले होते. तिने स्वयंपाकघरातले अर्धे टेबल मला तिथल्या तिथे बहाल केले.

मित्रांनो, छंद माणसाला काय करतो ते मी समोर बसून पाहिले. तो ओल्या फडक्यात पाने मऊ करी, शिरा काढी, पुस्तकाच्या अस्तरासाठी जपलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून चिरुटांना कंबरपट्टे करी. टोकाला खळीचा एक थेंब. दिसायला असे देखणे चिरूट कारखान्यातही झाले नव्हते. स्वतः तो ओढत नसे, त्याला खोकला होता. पण आल्यागेल्याला देई. लोक म्हणत, "वा काका! इतके देखणे, ओढवत नाहीत हो!"

हे अक्षरशः खरे होते, हे फक्त मला ठाऊक होते. कारण बाइंडर मला चक्क पुस्तकांच्या शिकंज्यात घालून स्क्रू आवळत असे. सकाळी एक फेरा, दुपारी एक, संध्याकाळी जाता-येता अर्धा. शिवाय आतली पाने तो गुंडाळत नसे. कडेला कड जुळवून, नखाने दाबून, घड्या घालत असे. चाळीस वर्षांची सवय! मी मनात ओरडत होतो. पण साच्याला दहा तोंडे असली तरी जीभ एकही नसते.

एके दिवशी तो केस कापायला गेला. न्हाव्याने किल्ली द्यायला घड्याळ काढले आणि मागे कंबरपट्ट्यांसकट अकरा चिरूट ओळीने उभे सापडले.

"तू एकही ओढला नाहीस?"

"काका, खरं सांगू? पहिला ओढला. ओढता ओढता माझे कान आत गेले, पण धूर काही बाहेर आला नाही. फेकवेना म्हणून ठेवले. सगळ्यांनीच ठेवलेत. त्या शिंप्याने तर शोकेसमध्ये लावलेत."

बाइंडर घरी आला, न्हाव्याकडचा सगळा प्रकार बायकोला सांगितला, मला शिकंज्यातून सोडवले आणि म्हणाला, "भंगारवाला शनिवारी येतो ना? हेही दे." मग खिडकीशी जाऊन बसला.

"चहा ठेवू?" बायकोने विचारले.

"हं."

तिच्या छातीत धस्स झाले. माझ्याही, लाकडात जिथे असेल तिथे. शनिवारला दोन दिवस होते.

तिने माझ्यातला एक चिरूट उचलला, टोक कापले आणि न पेटवताच ओढून पाहिला. गालांना खड्डे पडले. मग सुरीने तो उभा चिरला.

"अहो, इकडे या. हे काय केलंय? घड्या! चिरूट नाही, ग्रंथ बांधलाय तुम्ही. मी लोकरीचा गुंडा करते तो असा आवळते का? आवळला की लोकर मरते."

"मला काय माहीत? मी कुठे ओढतो?"

"मग मला विचारायचं होतं! तोंडावर वाहवा करणाऱ्यांना कशाला विचारलंत? चला, पानं भिजवा."

त्या दिवशी दोघांनी मिळून पाने एकेक करून सैल नळीसारखी वळली. शिकंजा तिने पलंगाखाली ढकलला आणि माझ्यावर दोन इस्त्र्या ठेवल्या. अर्ध्या तासाने झाकण काढून तिने गुंडाळ्या फिरवल्यासुद्धा. कुणी शिकवले नव्हते, करपू नये म्हणून माणूस भाकरी उलटतो तसे! प्रत्येक चिरूट न पेटवता ओढून, हवा जाते का ते पाहून ती 'जातो' किंवा 'अडतो' असा निकाल देई. दहांपैकी सात गेले.

शनिवारी भंगारवाल्याच्या आधी तिचा भाऊ आला. निवृत्त रेल्वे गार्ड. याने आयुष्यात कशाची स्तुती केली नव्हती. स्वतःच्या लग्नातही तो 'चालेल' म्हणाला होता.

"दादा, ओढून बघ. आणि खोटं बोललास तर जेवण नाही," बहिणीने दम भरला.

त्याने चिरूट पेटवला. खाली भंगारवाल्याची हाळी आली. बाइंडर मला काखेत धरून दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. गार्ड ओढतच राहिला. राख बोटभर वाढली, कंबरपट्टा उतरला, शेवटी बोटाला चटका बसला तेव्हा कुठे त्याने थोटूक टाकले.

"भावोजी, दुसरा आहे का?"

भंगारवाला आला तसा गेला.

मित्रांनो, तुम्ही धूम्रपानाच्या वाटेला जाऊ नका. मी जन्मभर चिरुटांत राहून एकही ओढलेला नाही, माझी तब्येत बघा. पण कुणी स्वतःच्या हाताने केलेली वस्तू तुम्हाला दिली, तर ती घड्याळामागे जपू नका. वापरा. अडली तर त्या माणसाला जाऊन सांगा, थोडे वाईट वाटू द्या. आणि चांगली निघाली तर संपवून टाका, दुसरी मागा. त्या 'दुसरा आहे का' ने माझे आयुष्य वाचले आहे, आणि खिडकीशी बसलेल्या एका माणसाचेही.